अकरा वाजून दहा मिनिटांचा फोन

कचेरीतला टेलिफोन वाजला की माणूस तो उचलतो आणि विचारतो, "कोण बोलतंय?" या धंद्यात सव्वीस वर्षे काढल्यावर मला वाटते, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा वाजवला कोणी? बहुतेक वेळा उत्तर सरळ असते. एकदा ते सरळ नव्हते. साऱ्या कोलकात्यात ते फक्त मला ठाऊक होते, आणि मी तीन महिने गप्प बसलो. संपादकांनी माझ्याकडे बदलत्या तंत्रज्ञानावर लेख मागितला होता. मी त्या तीन महिन्यांवर लिहितो आहे, याबद्दल त्यांची क्षमा मागतो. गेल्या वर्षभरात क्षमा मागण्याची मला बरीच सवय झाली आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. एखाद्या कचेरीत बाहेरच्या लाइनी चार असतात आणि टेबले चाळीस. या चाळीस टेबलांनी चार लाइनी वाटून घ्याव्यात आणि आपापसांतही बोलावे, यासाठी भिंतीवर एक पेटी बसवलेली असते. तिला एक्स्चेंज म्हणतात. प्रत्येक टेबलाला एक छोटा क्रमांक मिळतो, तो एक्स्टेन्शन. लोकांना वाटते की मी वायरी ओढतो. वायरी ओढतोच, पण माझे खरे काम म्हणजे कोणी कोणाशी बोलावे आणि कोणी कोणाशी बोलू नये, हे त्या पेटीला शिकवणे. हे काम एखाद्या मितभाषी माणसाकडे यावे यात काही तरी विसंगत आहे, असे माझी पत्नी विद्या म्हणते.

मोबाइल आल्यावर हा धंदा संपेल, असे मला अनेकांनी सहानुभूतीने सांगितले. तो आकसला, पण संपला नाही. एस्प्लनेडच्या मागच्या गल्ल्यांतल्या जुन्या इमारतींच्या भिंती दोन-दोन हात जाड आहेत. तिथे मोबाइल घेऊन माणसे खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून बोलतात. शिवाय एक्स्टेन्शनचा क्रमांक ही या शहरात नुसती सोय नसते, ती पायरी असते. एका जहाजी मालाच्या कचेरीत दोन व्यवस्थापकांना ११ हा एकच क्रमांक हवा होता. मी एकाला १० दिला आणि तो ११च्या आधी येतो हे पटवले. दुसऱ्याने दुसऱ्याच दिवशी ९ मागितला. आठवड्याभरात दोघेही क्रमांक एकपर्यंत येऊन पोचले आणि मग शून्यावर भांडू लागले. शून्य ऑपरेटरचा असतो, हे त्यांना सांगायला मला फार जड गेले.

एका ज्येष्ठ वकिलांनी फोनवर थांबवून ठेवलेल्या अशिलांसाठी सरोदवादन लावून घेतले. महिन्याने त्यांनीच ते काढायला लावले. "मी बोलायला आलो की लोक म्हणतात, घाई नाही, थोड्या वेळाने या," ते म्हणाले. मी सरोद काढून साधी टूं-टूं लावली. अशिलांची संख्या घटली की नाही, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

आता ज्या कचेरीबद्दल लिहायचे, ती शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना काचेची भांडी पुरवणारी एक जुनी पेढी. परीक्षानळ्या, चंचुपात्रे, नरसाळी. मालक दोघे सख्खे भाऊ, दोघेही साठीपलीकडचे. थोरल्यांना सारे बडोबाबू म्हणत, धाकट्यांना छोटोबाबू. नऊ वर्षांपूर्वी छोटोबाबूंच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून मुलीच्या बापाचे नाव आधी आणि मोठ्या काकांचे नंतर छापले गेले. त्या दिवसापासून दोघे बोलत नव्हते. पेढी मात्र फुटली नाही, कारण जागा, नाव आणि गिऱ्हाइके एकच होती. म्हणून त्यांनी दालनाच्या मध्यभागी लोखंडी कपाटांची रांग उभी करून दोन भाग केले. वडिलांचे मोठे सागवानी टेबल सुताराकडून मधोमध कापून घेतले. अर्ध्या टेबलाला दोनच पाय उरतात. त्यामुळे दोन्ही बाबूंची टेबले आपापल्या केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवली होती आणि दोघेही दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत.

कपाटांच्या रांगेच्या टोकाला, बरोबर सीमेवर, काचेची एक लहान खोली होती. तिच्यात ऑपरेटर मिनोतीदी बसत. वय माझ्याहून थोडे जास्त, जाड चष्मा, बोलताना डोळे मिटायची सवय. सव्वीस वर्षे त्या बोर्डवर होत्या. म्हणजे मी धंद्यात पडलो त्याच वर्षी त्या त्या खुर्चीवर बसल्या. फोन करणारा "हॅलो"मधला "हॅ" म्हणेपर्यंत त्या त्याला ओळखत आणि त्याच्या सर्दीची चौकशी करून योग्य बाजूला जोडून देत. माझे पटवर्धन हे आडनाव पहिल्या दिवशी त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, त्यातला पुढचा भाग बाजूला ठेवला आणि मला बर्धनबाबू केले. त्या इमारतीत अजूनही मी कुणा बर्धमानकडच्या घराण्यातला समजला जातो. पुढची सगळी बोलणी बंगालीत झालेली आहेत. मी ती मराठीत देतो आहे.

गेल्या वर्षी सरस्वतीपूजेनंतर त्यांचे जुने एक्स्चेंज बंद पडले. दोन्ही बाबूंना वेगवेगळ्या पेट्या हव्या होत्या. मी त्यांना पटवले की पेटी एकच ठेवू, मी तिच्या आत भिंत घालतो. बडोबाबूंच्या बाजूचे क्रमांक दोनशेपासून, छोटोबाबूंच्या बाजूचे तीनशेपासून. दोनशेवाल्याने तीनशेचा क्रमांक फिरवला तर काहीही लागणार नाही, आणि उलटही तसेच. या दोन्ही राज्यांना जोडू शकेल असे एकच माणूस राहील: ऑपरेटर.

एक अपवाद मात्र त्यांच्या कौटुंबिक वकिलांनी मागितला. दोघांना एकाच वेळी काही सांगायचे असले तर कोणाला आधी कळले यावरून वाद नको. त्यासाठी पेटीत एक सोय असते. तिला वेळ नेमून द्यायची; त्या मिनिटाला ती दोन्ही घंट्या आपण होऊन एकदम वाजवते आणि दोघांनी उचलले की त्यांना एकमेकांशी जोडते. सुट्टीच्या एका शनिवारी रिकाम्या कचेरीत मी ती तपासून पाहिली. वेळ दिली अकरा वाजून दहा मिनिटे. अकरा दहाला दोन्ही अर्ध्या टेबलांवर घंट्या खणखणल्या, मला समाधान वाटले आणि मी पेटी बंद करून बालीगंजला घरी जेवायला गेलो. तिथे 'एकदाच' आणि 'रोज' असे दोन पर्याय असतात. मी 'रोज' निवडले होते. चाचणी पुसायचीही राहिली. वकिलांनी ती सोय पुढे कधी वापरलीच नाही, त्यांना पत्रेच बरी वाटत. त्यामुळे कोणी तिच्याकडे पाहिले नाही.

सोमवारी अकरा दहाला दोन्ही बाबूंचे फोन वाजले. ते फोन वडिलांच्या वेळचे, क्रमांक दाखवणारा पडदा नसलेले. पुढे काय झाले ते दोघांनी मला स्वतंत्रपणे सांगितले, आणि दोघांच्या हकिकतीत एका शब्दाचाही फरक नव्हता, हे विशेष.

"हॅलो."

"हॅलो. बोल."

"तू बोल. फोन तू केलास."

"मी? मी कशाला करू?"

"मग मी केला?"

फोन आपटला गेला. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. तरीही अकरा दहाला दोघांपैकी एकानेही फोन न उचलता सोडला नाही, कारण न उचलणे म्हणजे घाबरणे. पहिल्या पंधरवड्यात संभाषण एवढेच होते. मग बडोबाबू म्हणाले, "रोज फोन करतोस, तर निदान गुडघ्याचं काय झालं ते तरी सांग." छोटोबाबूंनी, फोन आपण केलेला नाही हे स्पष्ट करून, गुडघ्याचे सांगितले. चैत्र संपेपर्यंत ते इलिश माशाच्या भावावर आले. पावसाळ्यात मिनोतीदींच्या बोर्डवरचे ते दोन दिवे बारा-बारा मिनिटे जळत राहू लागले. मिनोतीदींना वाटे, बाबूंनी माझ्याकडून एखादी खाजगी लाइन करून घेतली असावी. दिवे दिसत असूनही त्यांनी कधी कानाला काही लावले नाही. "दिवा लागलेला असला की माणूस आत आहे असं समजायचं. दार ठोठावायचं नाही," असे त्या म्हणत.

मला यातले काही माहीत नव्हते. मी महिन्यातून एकदा देखभालीला जाई, तेही दुपारी तीननंतर.

दुर्गापूजेच्या आधीच्या महिन्यात बडोबाबूंनी मला आत बोलावून दार लावले. अर्ध्या टेबलावर अर्धी काच होती.

"बर्धन, तुझ्या पेटीत सगळ्या फोनांची नोंद राहते ना?"

"राहते."

"छोटो मला रोज अकरा दहाला फोन करतो आणि कबूल करत नाही. लाज वाटते बिचाऱ्याला, मी समजू शकतो. लहानपणापासून वक्तशीर आहे. मला फक्त पुरावा हवा. दाखवणार नाही मी कुणाला. नुसता खिशात ठेवीन."

मी बाहेर आलो तर कपाटांच्या दुसऱ्या टोकाला छोटोबाबू उभे होते. त्यांनी मला बाहीला धरून नेले आणि जवळजवळ हीच वाक्ये बोलून दाखवली. फक्त 'बिचाऱ्याला'च्या जागी 'म्हाताऱ्याला' होते.

मी पेटी उघडली. रोजची अकरा दहाची नोंद होती. फोन करणाऱ्याच्या रकान्यात काहीही नव्हते. मग मला शनिवार आठवला. सात महिने मीच त्यांना फोन करत होतो.

त्या क्षणी खरे सांगितले असते तर हा लेख दोन परिच्छेदांत संपला असता. पण दोघांच्या चेहऱ्यांवर जी आशा मी पाहिली होती तिचा मला धाक वाटला. शिवाय माझी इतकी ढोबळ चूक उघडी करायची लाजही वाटली. या दोहोंपैकी लाज अधिक होती, हे मी आता मान्य करतो. मी बडोबाबूंकडे गेलो आणि म्हणालो, "नोंदीत तुमच्याकडून एकही फोन गेलेला दिसत नाही." त्यांनी माझा हात दाबला. मग छोटोबाबूंकडे गेलो आणि म्हणालो, "नोंदीत तुमच्याकडून एकही फोन गेलेला दिसत नाही." त्यांनी मला दुकानातून संदेश मिठाई मागवून खायला घातली. दोन्ही ठिकाणी मी बोललो ते अक्षरशः खरे होते. मिठाई खाताना मला स्वतःच्या चातुर्याचे कौतुकही वाटले, आणि हे लिहिताना मला सर्वांत जास्त त्याचीच शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी अकरा दहाला बडोबाबू म्हणाले, "आता माझ्याकडे पुरावा आहे."

"माझ्याकडेही आहे," छोटोबाबू म्हणाले.

"बर्धनने स्वतः सांगितलं, फोन माझ्याकडून जात नाही."

"मलाही त्यानेच सांगितलं. माझ्याकडून जात नाही."

दोघे काचेच्या धंद्यातले असले तरी रसायनशास्त्राच्या शिक्षकांत आयुष्य काढलेले; निष्कर्ष काढायची त्यांना शिस्त होती. हा करत नाही, तो करत नाही. एकमेकांना लावता येऊ नये अशी भिंत आत आहे. दोघांना जोडू शकेल असे माणूस एकच. त्यांनी एकाच वेळी माना वळवून काचेच्या खोलीकडे पाहिले असणार. अर्थात मध्ये कपाटे होती.

मिनोतीदींना त्यांनी बोलावून विचारले. त्या म्हणाल्या, "मी नाही." चौकशी शुक्रवारी झाली. सोमवारपासून त्यांची बदली पोटमाळ्यावरच्या जुन्या सूचीपत्रकांच्या कोठारात झाली आणि बोर्डवर पत्रव्यवहार पाहणारे हालदारबाबू बसवण्यात आले. मला हे ठाऊक नव्हते. त्याच शुक्रवारी, सगळे गेल्यावर, मी पेढीत जाऊन माझी चूक गुपचूप पुसून आलो होतो. आता कोणाला काही कळणार नाही, असे मला वाटले. तसेच झाले.

सोमवारी अकरा दहाला फोन वाजला नाही. मंगळवारीही नाही. बाई हलली आणि फोन थांबला. याहून भक्कम पुरावा न्यायालयातही मिळत नाही.

मी हे सारे पूजेची सुट्टी संपल्यावर, पुढच्या फेरीत पाहिले. काचेच्या खोलीत हालदारबाबू घामाघूम होऊन बसले होते. त्यांना बोर्डची भीती वाटे. घंटी वाजली की ते आधी हात जोडत. त्यांनी त्या सकाळी एका मुख्याध्यापकांना पेढीच्या चहावाल्याशी जोडले होते आणि चहावाल्याने चार डझन चंचुपात्रांची मागणी लिहून घेतली होती.

"मिनोतीदी कुठे आहेत?" मी विचारले.

त्यांनी बोट वर केले. मला भलतीच शंका येऊन माझा चेहरा पडला.

"नाही हो! पोटमाळ्यावर," ते म्हणाले.

पोटमाळ्यावर मिनोतीदी जुन्या सूचीपत्रकांचे गठ्ठे वर्षवार लावत होत्या. तिथे खिडकी नव्हती, आणि फोन नव्हता. त्यांचा आवाज बसला होता.

"दिवसभर बोलायला कोणी नाही ना," त्या म्हणाल्या. "न वापरता गंजतो. संध्याकाळी घरी गेले की बहिणीला वाटतं मी रुसले आहे."

"बाबूंना समजावून सांगितलं नाहीत?"

"काय समजावणार? ते म्हणतात, तू आम्हाला एकमेकांशी बोलायला लावलंस, माफीपत्र दे. न केलेल्या गोष्टीची माफी कशी मागू, बर्धनबाबू? आणि खरं सांगू, मी ते केलं असतं तर माफी मागितलीच नसती."

मी माझी हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली उतरलो. घरी येऊन विद्याला सगळे सांगितले. ती पोळ्या लाटत होती.

"अहो, मग उद्या जाऊन सांगून टाका."

"सांगेन. पण आधी एक करून पाहतो. मी ती चूक पुन्हा घालतो. मिनोतीदी पोटमाळ्यावर असताना फोन वाजला, की त्या आपोआप निर्दोष ठरतील."

विद्याने लाटणे थांबवले. "म्हणजे चूक कबूल करायची सोडून तुम्ही ती परत करणार?"

"तशी ती निरुपद्रवी आहे."

"करा. सव्वीस वर्षं तुम्ही वायर तुटली की दुसरी वायर तिच्यावरून नेता, खाली पाहत नाही. इथे तरी वेगळं काय कराल?"

हा आरोप तांत्रिकदृष्ट्या अचूक होता. तरीही लगेच जायचे धैर्य मला झाले नाही. थंडीचे दिवस सुरू झाल्यावर एका मंगळवारी मी जाऊन अकरा दहाची वेळ पुन्हा भरली, 'रोज' हा पर्याय या वेळी समजून-उमजून निवडला, आणि बुधवारी सकाळी काहीतरी निमित्त काढून पेढीत हजर राहिलो. बोर्डवर हालदारबाबू नव्हते. अक्कलदाढ सुजल्यामुळे ते आले नव्हते. त्यांच्या जागी फक्त एका दिवसापुरत्या मिनोतीदींना खाली बोलावले होते. त्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, कुणाला तरी "धरून राहा हं" म्हणत होत्या आणि त्यांचा आवाज हळूहळू मोकळा होत होता.

माझ्या घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटे झाली होती. पेटीची किल्ली माझ्या खिशात होती. पेटी मात्र छोटोबाबूंच्या पाठीमागच्या भिंतीवर होती. मी धावलो. त्या दालनात मी कधी धावलो नव्हतो, त्यामुळे लोक मला थांबवून विचारू लागले की आग लागली आहे का. मी पेटीपर्यंत पोचलो तेव्हा दोन्ही घंट्या वाजत होत्या.

कपाटांच्या पलीकडून बडोबाबूंचा आवाज आला, "आज बसवली आणि आजच!"

त्या दुपारी मिनोतीदींना पत्र मिळाले: सोमवारपर्यंत लेखी माफी द्यावी, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. त्यांनी ते वाचून घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवले. मला म्हणाल्या, "बर्धनबाबू, तुम्ही पळत का होतात?"

त्या प्रश्नानंतर माझ्याजवळ वळायला दुसरी गल्लीच उरली नाही. मी दोन्ही बाबूंकडे निरोप पाठवला की उद्या अकरा वाजता मला दोघांशी एकदम बोलायचे आहे. एका खोलीत यायला दोघेही तयार नव्हते. शेवटी असे ठरले की दोघांनी आपापल्या केबिनच्या दारात उभे राहायचे, आणि मी कपाटांच्या टोकाशी, जिथून मी दोघांना दिसेन पण ते एकमेकांना दिसणार नाहीत.

गुरुवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी मी मिनोतीदींना पोटमाळ्यावरून खाली आणले, सर्वांसमोर एका स्टुलावर बसवले आणि त्यांच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले चहाचे कप दिले. सगळी कचेरी उठून आली होती. हालदारबाबू गालाला मफलर बांधून आले होते. बोर्डवर कोणीही नव्हते.

"हे काय चाललंय?" छोटोबाबूंनी विचारले.

"पाच मिनिटं थांबा," मी म्हणालो.

"चहा गार होतोय," मिनोतीदी म्हणाल्या.

अकरा दहाला दोन्ही अर्ध्या टेबलांवरचे फोन एकदम वाजले. कोणी हलले नाही. मिनोतीदींच्या हातातल्या कपांतून थेंबही सांडला नाही. घंट्या वाजत राहिल्या, आणि त्या आवाजातच मला बोलावे लागले. मोठ्याने बोलायची सवय नसल्याने दोनदा बोलावे लागले.

"हा फोन मी करतो आहे. पहिल्या दिवसापासून. चाचणी पुसायची राहिली होती. मला पूजेआधीच कळलं होतं. मी लपवलं. मिनोतीदींचा यात काहीही संबंध नाही."

घंट्या थांबल्या. कपाटांच्या एका बाजूने बडोबाबूंचा आवाज आला. तो मला उद्देशून नव्हता.

"ऐकलंस?"

"ऐकलं," पलीकडून आले.

"म्हणजे तू करत नव्हतास."

"नाही. तू?"

"मीही नाही."

"मग सात महिने..."

"हो," बडोबाबू म्हणाले. "सात महिने."

दोघांनीही सात महिने मनातल्या मनात जपलेला विजय मी एका वाक्यात काढून घेतला होता. मला वाटले होते, ते एकमेकांवर संतापतील. पण माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी होती की नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांना एकच माणूस आवडेनासा झाला होता.

"या माणसाला बाहेर काढ," बडोबाबू म्हणाले.

मग कपाटांपलीकडून छोटोबाबू म्हणाले, "आधी तू सांग त्याला, दादा. तू मोठा आहेस."

मिनोतीदींच्या हातातला डावा कप तेव्हा हिंदकळला. मी स्वतःच बाहेर गेलो.

आठवड्याने मला पत्र आले. आपल्या निष्काळजीपणामुळे आणि त्याहून अधिक आपल्या मौनामुळे पेढीच्या एका प्रामाणिक कर्मचारी महिलेला त्रास झाला, सबब आपले देखभालीचे काम आजपासून बंद करण्यात येत आहे, असा मजकूर होता. त्यातल्या एकाही शब्दाला माझी हरकत नव्हती. खाली दोन्ही भावांच्या सह्या होत्या, पट्टीने आखलेल्या एकाच रेघेवर. लिफाफ्यात पत्राच्या दोन प्रती होत्या. एकीत बडोबाबूंची सही डावीकडे होती, दुसरीत छोटोबाबूंची. नऊ वर्षांत त्या दोघांनी मिळून लिहिलेले ते पहिले पत्र. दोन्ही प्रती मी जपून ठेवल्या आहेत. पण मिनोतीदींचे खिडकी नसलेल्या जागेतले तीन महिने कोणत्याही प्रतीने भरून येत नाहीत, हेही मला माहीत आहे.

माझ्या हातून गेलेली कामे पुष्कळ आहेत. त्यांची मी मागाहून चौकशी करत नाही. या पेढीला मात्र मी रंगपंचमीच्या सुमारास बालीगंजच्या घरून एकदा फोन केला. कारण काही नव्हते. बोर्ड चालतो की नाही, एवढेच पाहायचे होते. मी "हॅ" म्हणालो असेन.

"बर्धनबाबू," मिनोतीदी म्हणाल्या. आवाज पूर्ण बरा झाला होता. "खोकला झालाय वाटतं. बरं झालं तुम्हीच फोन केलात. देखभालीच्या नव्या माणसाला विचारता येत नाही, तो हसेल. एक शंका होती."

"विचारा."

"बडोबाबू सकाळी दहाला माझ्या काचेवर टकटक करतात. म्हणतात, अकरा दहाला छोटोला जोड, पण मी मागितला असं सांगू नकोस. साडेदहाला छोटोबाबू येतात. तेही हेच सांगतात."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? दोन्ही घंट्या एकदम वाजवते. ज्याच्यासाठी मला वर पाठवलं होतं, तेच आता रोज करते." त्या हसल्या नाहीत, कामाबद्दल बोलताना त्या कधी हसत नसत. "पण हाताने बरोबर एकदम होत नाही. कुणाची तरी क्षणभर आधी वाजते आणि त्याला वाटतं दुसऱ्याने पुढाकार घेतला. मग दोन मिनिटं भांडतात. नव्या माणसाने ती वेळ पुसण्याआधी तुमची पेटी हे इतकं नीट कसं करायची?"

मी त्यांना सांगितले. आधी दोन्ही क्रमांक दाबून धरायचे, मग लाल बटण, आणि सोडताना दोन्ही बोटे एकाच वेळी उचलायची. त्यांनी ते हळूहळू म्हणत लिहून घेतले.

"मिनोतीदी," मी म्हणालो, "ते तीन महिने माझ्यामुळे..."

"बर्धनबाबू, नंतर. अकरा नऊ झाले," त्या म्हणाल्या, आणि माझी लाइन तोडली.